चाळीस हजार, एक यंत्र आणि एक चप्पल : ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार. सोलापूर

नसतं लोढणं गळ्यात आलं. आमच्या संघाला एका दिवंगत सभासदाच्या मुलांनी चाळीस हजार रुपये दिलेत. अट एकच, पैसे सभासदांच्या तब्येतीवर खर्च व्हावेत, सहलीवर नाही. कालच्या सभेत त्यावर दीड तास वाद झाला. अध्यक्षांना तळपाय चोळायचं काशाचं यंत्र हवंय. विक्रेता दोन यंत्रं छत्तीस हजारांत द्यायला तयार आहे. बायकांना ॲक्युपंक्चर हवंय. खजिनदारांच्या जावयाकडे साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूल आहेत, तीस टक्के सूट. मी म्हणालो, आधी थोडं करून बघू या. तेवढं बोलणं नडलं. "तुम्ही चौतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, मालक. तुम्हीच बघा आणि दहा आठवड्यांनी सांगा."

उद्या लोकसभेचा निकाल. सगळ्यांना चहा पिऊन तिकडे वळायचं होतं, म्हणून ठराव एकमताने मंजूर.

वही केली. तीन रकाने पाडले: सुई, हात, गोळी. आधी लोक आत्ताच काय काय घेतात ते बघायला हवं. रविवारी प्रत्येकाने पिशवी आणायची: डॉक्टरांनी दिलेलं, शेजारणीने दिलेलं, टीव्हीवर बघून मागवलेलं, सगळं. घरी झाकून ठेवायचं नाही.

९ जून, रविवार

एकतीस जणांनी कबूल केलं होतं, सव्वीस पिशव्या आल्या. पाचजण म्हणाले विसरलो. त्यातले दोघं तरी विसरलेले नाहीत.

सतरंजीवर एकेक पिशवी रिकामी करत गेलो. काउंटरमागे असताना माणसाची एका वेळी एकच चिठ्ठी दिसते, अख्खं घर कधी दिसत नाही. आज दिसलं.

पिशवी ४, निवृत्त शिक्षिका. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी. दोन्ही सकाळी चहाबरोबर. "एकदाच काय ती कटकट संपवते." बाई, कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तास तरी अंतर हवं, आणि थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. वर्षभरात त्यांचा डोस दोनदा वाढवलाय. वाढवणाऱ्या डॉक्टरांना कॅल्शियमचा पत्ताच नाही, कारण ते ‘ताकदीचं’ म्हणून लेकीने आणून दिलेलं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्या म्हटलं. सहा आठवड्यांनी रक्त तपासून डॉक्टरांना दाखवायचं, नाहीतर आता वाढवलेला डोस जास्त व्हायचा.

पिशवी ९. डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या. आठवड्याला एक, आठ आठवडे, असं चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलंय. गृहस्थ एकोणीस दिवस रोज एक घेताहेत. दुधातून. चवीला बरी लागते म्हणाले. तहान फार लागते का? लागते. पोट साफ होतं? नाही, म्हणून इसबगोल चालू केलंय, ते बघा पिशवीत आहे. तिथूनच त्यांच्या मुलाला फोन लावला: पुड्या आजपासून बंद, उद्या सकाळी रक्तातलं कॅल्शियम.

पिशवी १३. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि शेजारी हळदीच्या अर्काची कॅप्सूल, मिरीच्या अर्कासकट. हे गृहस्थ माझ्यावर रागावलेच. "हळद आपण रोज खातो की ओ." खातो. पण आमटीत पडते ती चिमूटभर, आणि हळदीत करक्युमिन शंभरात तीन भागांच्या आसपास, त्यातलंही शरीर फारसं घेत नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतलं पिपरीन बरोबर दिलं तर रक्तात पोचणारं करक्युमिन वीस पटींनी वाढतं. डब्यावर हीच गोष्ट मोठ्या अक्षरात छापलीय. पण मिरीला हळद तेवढी कळते आणि बाकीच्या गोळ्या कळत नाहीत असं थोडंच आहे? जे यकृताला हळद लवकर निकालात काढू देत नाही, ते दुसऱ्या औषधांनाही अडवून धरतं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हटलं. ते घेणार आहेत, चेहऱ्यावर दिसत होतं.

पिशवी १४, ही वेगळी ठेवली. कागदाच्या पुड्यांत पांढरट पूड, ना नाव ना परवाना. सांधेदुखीवर, एका जत्रेतल्या माणसाकडून. दुखणं तीन दिवसांत पळालं. सून कौतुकाने म्हणाली, "मामंजींची तब्येत बघा की, गाल कसे भरलेत." मला त्या गालांचीच भीती वाटली. अशा ‘वनौषधी’त स्टेरॉइड मिसळलेलं मी धंद्यात असताना पाहिलंय. आणि ते असलं तर एकदम बंदही करता येत नाही, शरीर आपलं आपण तयार करायचं विसरलेलं असतं. पुडीसकट डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. मी नुसतं "फेकून द्या" म्हणालो असतो तर घात झाला असता.

अश्वगंधा सात पिशव्यांत. गुळवेल पाच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वेल ओळखण्यात चूक असावी म्हणाले. वाद कुणी का जिंकेना, कोविडमध्ये कडुलिंबावर चढवलेली वेल आजही रोज सकाळी उकळून पिणारे आमच्याकडे पाच आहेत. अश्वगंधेबद्दलही यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेल्यात. डेन्मार्कने २०२३ मध्ये ती बंदच केली. आपल्याकडे ती आजीच्या बटव्यातली, म्हणून तिच्याविषयी शंका घेतली की घरचा अपमान होतो. मी एवढंच म्हटलं: डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, भूक मेली, तर आधी ते थांबवा आणि मग डॉक्टर गाठा.

जावयाच्या कॅप्सूल तिघांकडे निघाल्या. पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलंय: औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. चौदा आकडी अन्न परवाना. म्हणजे कायद्याने हे खाद्य आहे. आणि तोंडी प्रचार? मधुमेह, गुडघे, विसराळूपणा.

शेवटी सगळ्यांना एक प्रश्न विचारला: यातलं जे दुकानातून किंवा ओळखीतून आणलंय, ते आपल्या डॉक्टरांना किती जणांनी सांगितलं? तीन हात वर. का नाही सांगितलं? "ते औषध थोडंच आहे?"

१२ जून

पिशवी ९ चं कॅल्शियम वाढलेलं निघालं. दोन दिवस दवाखान्यात, सलाइन. मुलगा पेढे घेऊन आला होता. पेढ्यांत दूध असतं म्हणून बापाने हात लावला नाही. आता हे दुसरं टोक.

१६ जून, रविवार

विक्रेता यंत्र ठेवून गेलाय, आठ दिवस फुकट. पितळेसारखी दिसणारी गोल थाळी फिरते, तिच्यावर तुपाचं बोट लावून पाय ठेवायचा. दहा मिनिटांत तळवा काळाकुट्ट. "जेवढं काळं तेवढी उष्णता आणि विष बाहेर," हे त्याचं पाठ वाक्य. अध्यक्षांचा पाय सगळ्यांत काळा झाला, त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

लहानपणी मे महिन्यात आई काशाच्या वाटीने आमचे तळपाय घासायची. सोलापूरचा उन्हाळा, गच्चीवर वाळा टाकलेलं पाणी, आणि ती वाटी. तूप नसलं तर एरंडेल. वाटीचा घर्रघर्र आवाज ऐकता ऐकता झोप लागायची. त्या झोपेबद्दल मला शंका नाही. शंका काळ्याबद्दल आहे.

घरी वाटी होतीच. चार खेळ केले. डावा पाय, तूप: काळा. उजवा पाय, खोबरेल: काळा, जरा फिका. स्टीलची वाटी, तूप, तोच पाय धुऊन: काही नाही, नुसता चिकट. मग माझी जुनी कोल्हापुरी चप्पल उलटी केली, कातड्यावर तूप लावलं आणि दहा मिनिटं काशाची वाटी फिरवली. चप्पल पायापेक्षा काळी.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "चप्पल आजारी आहे का?"

देवाचं पितळ घासताना फडकं काळं होतं, त्यातलाच हा प्रकार. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण शंभरात अठ्ठ्याहत्तर-बावीस. घासलं की धातूची बारीक भुकटी निघते, तुपातली आम्लं आणि पायाचा घाम तिच्याशी जुळतात, काळपट लेप होतो. त्यात पायाचं येतं ते मळ आणि मेलेली कातडी.

संध्याकाळी चप्पल पिशवीत घालून संघात नेली. हशा झाला. अध्यक्ष हसले नाहीत.

२३ जून, रविवार

मोजायची पद्धत बदलली. दुखणं शून्य ते दहा यात सांगा म्हटलं तर पहिल्या आठवड्यात एकवीस जणांनी पाच सांगितलं. मध्ये असलेलं बरं. गुडघेवाल्या आक्का म्हणाल्या, "आकडा काय सांगू? जिना चढताना इचारा." खरंय. संघाचा हॉल पहिल्या मजल्यावर, सतरा पायऱ्या. आता घड्याळ लावून जिना मोजतो आणि रात्री किती वेळा उठलात ते विचारतो.

अडचण अशी की पाऊस सुरू झाला. चाळीस अंशांवरून एकदम गारवा. या आठवड्यात सगळ्यांची झोप सुधारलीय, ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचीही. ही सुधारणा कुणाच्या खात्यावर जमा करायची?

२७ जून, गुरुवार

ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरीणबाई आल्या. बोलावण्यापूर्वी नोंदणी बघितली. महाराष्ट्राने यासाठी २०१५ साली वेगळा कायदा केलाय, परिषद आहे, उगाच कुणीही सुया टोचू नयेत.

सुरुवातीला अध्यक्षांनी भाषण केलं: ही विद्या आपल्या डॉ. कोटणीसांनी चीनहून आणली. भैय्या चौकात स्मारक असल्यामुळे गावात निम्म्या लोकांचा हा समज आहे. मला राहवलं नाही. द्वारकानाथ कोटणीस शल्यविशारद. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस युद्धात जखमींची ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, बत्तीसाव्या वर्षी. सुया आणल्या त्या पथकातल्या बिजयकुमार बसूंनी. ते पन्नाशीच्या दशकाअखेर पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कोलकात्यात काम सुरू केलं. कोटणीसांचं मोठेपण एवढं आहे की त्यांच्या नावावर दुसऱ्याचं काही चढवायची गरज नाही.

आता सुई. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव, केसाच्या दोन-तीन पट जाड, पाव मिलिमीटर. प्लास्टिकच्या नळीत येते. नळी कातडीवर उभी धरायची, वर दिसणाऱ्या टोकावर टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची. आक्कांनी डोळे गच्च मिटले होते, टोचून झालं तरी "कधी टोचणार?" गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजून नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे, तिचं चिनी नाव ‘पायाचे तीन मैल’ अशा अर्थाचं. दमलेला वाटसरू तिथे दाबून आणखी तीन मैल चालेल, असं म्हणे. तिथे सुई फिरवली तेव्हा आक्का म्हणाल्या, "जड-जड वाटतंय, मुंग्या घोट्यापर्यंत." बाई खूश. तेच हवं असतं म्हणाल्या.

मी विचारलं ते असं: सुई प्रत्येकाला नवी? हो, पाकीट समोर फोडतात, वापरून झाली की टोचऱ्या कचऱ्याच्या डब्यात. रक्त पातळ करणारी गोळी कुणाला? दोन हात, त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. पेसमेकर? एक, त्यांना सुईतून वीज द्यायची नाही. खांद्याच्या माथ्यावर खोल टोचणार का? नाही म्हणाल्या, खाली फुफ्फुसाचं टोक असतं. या उत्तराने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. धोका विचारल्यावर "काही होत नाही ओ" म्हणणारा माणूस मला नको होता.

रात्री सभेसाठी एक टिपण केलं. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये छापली. सहा महिन्यांनी फरक पडला तो असा: खऱ्या सुईने शंभरात ४७.६ जणांना, खोट्या सुईने, म्हणजे भलत्याच जागी वरवर टोचून, ४४.२ जणांना, आणि नेहमीच्या गोळ्या-व्यायामाने २७.४ जणांना. खजिनदारांनी लगेच विचारलं, "मग खोटी सुई स्वस्तात पडेल का?"

मी या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसलो. जागा नेमकी कुठली याने फारसं अडत नाही. पण कुणीतरी अर्धा तास तुम्हाला निवांत पाडून ठेवतं, दुखतं तिथे हात लावून विचारतं, उठायची घाई करत नाही, याने बरंच काही होत असावं. आमच्या किती सभासदांना आठवड्यात कुणाचा हात लागतो? हा रकाना वहीत नाही.

१४ जुलै, रविवार

या आठवड्यात गजानन महाराजांची पालखी शहरात मुक्कामाला होती. दरवर्षी वारकऱ्यांचे पाय चोळायला आमची मंडळी जातात. या वेळी मी वही घेऊन गेलो आणि दहा मिनिटांत ती खिशात टाकली, हात तेलाचे.

शेगावपासून चालत आलेली पोटरी कशी असते ते सांगता येत नाही, दाबल्यावरच कळतं. दोरखंड. आमचे एक सभासद जुने तालीमवाले. त्यांनी दाखवलं: अंगठ्याने खुपसायचं नाही, पूर्ण तळहात ठेवायचा, घोट्याकडून गुडघ्याकडे जायचं, आणि माणूस श्वास रोखतोय का ते बघायचं. रोखला की जोर जास्त झाला. कोमट तिळाचं तेल. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर चोळायची नाही, डॉक्टरांच्या तंबूत पाठवायचं. आत रक्ताची गाठ असली तर ती सुटून वर जाईल.

माझ्या वाट्याला एक म्हातारी आली, परभणीकडची. दहा मिनिटं झाल्यावर तिने माझाच हात धरला आणि उलट माझा पंजा दाबून द्यायला लागली. "तुमचं बी दुखत आसंल की, दादा."

१८ जुलै, गुरुवार

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

यंत्र आठ दिवसांनी परत जाणार होतं, गेलं नाही. ‘राहू द्या, बघा अजून.’ आमचे एक सभासद, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बावीस वर्षांचा मधुमेह. परवा एकादशीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी यंत्रावर पंचवीस मिनिटं पाय ठेवला. बरं वाटत होतं म्हणे. मुळात काहीच वाटत नव्हतं, हे खरं. आज मोजा निघेना, चिकटलेला. ओढला तर अंगठ्याखालची रुपयाएवढी साल त्याच्याबरोबर आली. दुखलं का? नाही.

सर्जनकडे नेलं. आत पोचलेलं नाही, रोज मलमपट्टी, पाय टेकवायचा नाही.

मी चप्पल तपासली. पाय तपासले नाहीत.

संध्याकाळी ओळखीच्या मधुमेहतज्ज्ञाकडून तपासणीचा नायलॉनचा दोरा आणला. तळव्यावर टेकवून दोरा वाकेपर्यंतच दाबायचा, तेवढा दाब दहा ग्रॅमचा. डोळे मिटून ‘लागला’ म्हणायचं. चोवीस जणांचे पाय बघितले. सहा जणांना कुठे ना कुठे लागला नाही, त्यातल्या दोघांना आपल्याला मधुमेह आहे की नाही एवढंसुद्धा माहीत नव्हतं. रक्त तपासल्यावर एकाला निघाला. यंत्राला ओढणी झाकली आणि विक्रेत्याला फोन केला.

२८ जुलै, रविवार

थोडक्यात. पिशवी १४ च्या गृहस्थांची पूड डॉक्टर बेताबेताने सोडवताहेत. गाल उतरले, दुखणं परतलं, आता मला शिव्या मिळतात. बाईंच्या थायरॉइडचा डोस एक पायरी खाली आला. पिशवी १३ कॅप्सूल घेतातच आहेत, पण डॉक्टरांना सांगून. ते रक्त तपासत राहणार म्हणे. आक्कांचा जिना सुईच्या चार बैठकांनंतर बेचाळीस सेकंदांवरून चौतीसवर. एकमेकांना तेल-मालिश करणाऱ्या जोड्यांतही जवळपास तेवढाच फरक. नुसत्या गप्पा मारायला येणाऱ्यांत कमी, पण आहे. कॅप्सूलच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नाही, तिथे उणे मात्र आहे.

११ ऑगस्ट, रविवार

सभा. माझं निवेदन पाच मिनिटांचं होतं, वाद पाऊण तास. अध्यक्ष म्हणाले, एका माणसाला लागलं म्हणून सगळ्यांचं सुख काढून घेणार का? हा प्रश्न चुकीचा नाही. लोकांना यंत्रावर बरं वाटायचं, ते मी वहीतही लिहिलंय. शेवटी ठरलं ते असं: यंत्र नाही. मधल्या मारुतीच्या बाजारातून सहा काशाच्या वाट्या, वजनावर. तिळाचं तेल. आधी दोरा लावायचा, ज्याला लागत नाही त्याच्या पायाला वाटी नाही. डॉक्टरीणबाई महिन्यातून दोनदा, पैसे पुरतील तोवर. कॅप्सूल नाहीत, त्याऐवजी दर तीन महिन्यांनी पिशवी. खजिनदार जावयाला काय सांगायचं या चिंतेत होते.

अध्यक्षांनी एक यंत्र स्वतःच्या पैशाने घरी घेतलंय. त्यांच्या पायाला दोरा लागतो, मी तपासलाय, त्यामुळे माझी हरकत नाही. चौघे-पाच जण संध्याकाळी तिकडे जातात असं ऐकतो. दोरा घेऊन मलाही एकदा जावं लागेल.

सभेनंतर ड्रायव्हरसाहेबांची जखम बघितली. कड गुलाबी झालीय, मध्ये अजून डाळीएवढी ओल. त्यांनी नव्या वाटीकडे बघून पाय पुढे केला. मी नाही म्हटलं.

"मग खांदे तरी दाबा की, मालक. चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलंय."

खुर्ची वळवून घेतली आणि दाबले.